कुलूपबंद एटीएससी ३.० चॅनेल आणि घरचा नेटवर्क ट्यूनर: खरेदीपासून रेकॉर्डिंगपर्यंत, योग्य क्रमाने

अमेरिकेतल्या मराठी घरांतून सध्या एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. केबल बंद केली, अँटेना लावला, ‘४के’ लिहिलेला नेटवर्क ट्यूनर (अँटेनावरची चॅनेल्स घरच्या नेटवर्कवरून टीव्ही, फोन, लॅपटॉपला देणारा बॉक्स) आणला, स्कॅनमध्ये चॅनेल्सची लांबलचक यादीही आली. पण त्यातलं हवं ते चॅनेल लावलं की पडदा काळा. मग अँटेना फिरवला जातो, केबल बदलली जाते, ॲम्प्लिफायर मागवला जातो, आणि पडदा काळाच राहतो. कारण सिग्नल व्यवस्थित पोचलेला असतो. अडचण असते ती चॅनेलला लावलेल्या कुलपाची, म्हणजे मंजूर नसलेल्या उपकरणावर चित्र उघडू न देणाऱ्या डिजिटल संरक्षणाची.

ही चूक टाळता येते, फक्त क्रम पाळावा लागतो. बहुतेक जण आधी बॉक्स विकत घेतात आणि मग चॅनेल्सची चौकशी करतात. इथे उलट जायचं आहे. खालचे टप्पे अमेरिकेतल्या अँटेनावरच्या मोफत टीव्हीसाठी आहेत आणि उदाहरणासाठी मी एचडीहोमरन हा ट्यूनर धरला आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या घरी तोच असतो.

## आधी एवढं लक्षात घ्या

सध्या हवेत दोन प्रकारचं प्रक्षेपण चालू आहे. जुनं एटीएससी १.०: चित्र एमपीईजी-२ मध्ये, आवाज एसी-३ मध्ये (ही चित्र आणि आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींची नावं), कुलूप नाही. नवं एटीएससी ३.०, ज्याची जाहिरात ‘नेक्स्टजेन टीव्ही’ नावाने होते: चित्र एचईव्हीसीमध्ये, आवाज बहुतेक ठिकाणी एसी-४ मध्ये, आणि स्टेशनची इच्छा असेल तर वर कुलूप. हे कुलूप ए३एसए या प्रसारकांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या नियमांप्रमाणे चालतं आणि त्यात गूगलची वाइडव्हाइन ही पद्धत वापरली जाते. कुलूप लावायचं की नाही हे स्टेशन ठरवतं, त्यामुळे एकाच शहरात एक चॅनेल उघडं आणि शेजारचं बंद असं सर्रास दिसतं.

नेटवर्क ट्यूनरच का अडतो? टीव्हीच्या आत ट्यूनर, कुलूप उघडणारा भाग आणि पडदा हे सगळं एकाच कंपनीच्या एकाच डब्यात असतं. त्या डब्याला एकदा प्रमाणपत्र मिळालं की झालं. नेटवर्क ट्यूनरचं तसं नाही. ट्यूनर राउटरजवळ, रेकॉर्डिंग करणारा कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, बघणारं ॲप तिसऱ्याच कंपनीचं. घरातल्या नेटवर्कवर जो मागेल त्याला चॅनेल देणं हाच या ट्यूनरचा मोठा गुण, आणि कुलपाला नेमकं तेच चालत नाही. साखळीतली प्रत्येक कडी मंजूर असावी लागते. एक कडी जरी नामंजूर निघाली तरी चित्र येत नाही.

मला हे मुळातच चुकीचं वाटतं. हवेतून मोफत येणारं, सगळ्यांसाठी असलेलं प्रक्षेपण बघायला कुणाच्या परवानगीचा बॉक्स लागावा हे पटत नाही. पण आज घरी टीव्ही चालू करायचा असेल तर आहे ती परिस्थिती धरूनच चालावं लागेल.

## टप्पा १ : कागदावर चॅनेल्सची यादी

तुम्हाला खरोखर काय बघायचं आहे ते लिहा. फुटबॉलचे सामने, स्थानिक बातम्या, मुलांसाठी पीबीएस, वादळाच्या वेळचे इशारे. बहुतेक घरांत ही यादी सहा-सात चॅनेल्सच्या पुढे जात नाही, आणि सत्तर चॅनेल्स सापडली या आनंदाला तिच्यापुढे काही अर्थ नाही.

मग रॅबिटइअर्स या संकेतस्थळावर किंवा एफसीसीच्या (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) डीटीव्ही नकाशावर घराचा पत्ता टाका आणि यादीतल्या प्रत्येक चॅनेलपुढे चार गोष्टी लिहा: टॉवर कोणत्या दिशेला आहे, किती दूर आहे, खरी वारंवारिता कोणत्या क्रमांकाची आहे, आणि प्रक्षेपण १.० आहे की ३.०.

खऱ्या क्रमांकाबद्दल थोडं थांबून सांगतो. टीव्हीवर दिसणारा क्रमांक हा नावापुरता असतो. न्यूयॉर्कमध्ये २.१ वर दिसणारं डब्ल्यूसीबीएस प्रत्यक्षात ३६ क्रमांकावर, म्हणजे यूएचएफ या वरच्या पट्ट्यात आहे. ७.१ वरचं डब्ल्यूएबीसी मात्र खरोखरच ७ क्रमांकावर, म्हणजे व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यात आहे. काचेवर चिकटवायचे चपटे अँटेना यूएचएफ बऱ्यापैकी पकडतात आणि व्हीएचएफला कच्चे पडतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घरात २.१ स्वच्छ आणि ७.१ तुटक दिसत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

३.० च्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. एका शहरातली चार-पाच स्टेशनं मिळून आपली ३.० चॅनेल्स एकाच टॉवरवर ठेवतात आणि त्या टॉवरचं जुनं १.० चॅनेल बाकीची स्टेशनं आपापल्या टॉवरवर सामावून घेतात. म्हणजे तुमच्या आवडत्या चॅनेलचं १.० आणि ३.० वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असू शकतं. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक चॅनेलचं १.० प्रक्षेपण तुमच्या पत्त्यावर मिळण्याजोगं आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर कुलपाचा प्रश्न आज तुमच्यापुरता उरतच नाही. टप्पा ३ मध्ये साधा १.० ट्यूनर घ्या.

## टप्पा २ : अँटेना आणि केबल

यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे फक्त चुकण्याच्या जागा सांगतो.

अँटेना टॉवरच्या दिशेला, शक्य तितका उंच. केबल आरजी-६. स्प्लिटर गरजेपुरताच: दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नलचे साधारण ३.५ डीबी (डेसिबल) वाया जातात, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये ७ डीबी. नेटवर्क ट्यूनर घेण्याचा एक फायदा असा की अँटेनाची केबल एकाच ठिकाणी न्यायची असते. घरभर स्प्लिटर लावायचं कारण राहत नाही. बाहेर लावलेला अँटेना आणि त्याची केबल अर्थिंगला जोडायलाच हवी. वीज पडते तेव्हा हा खर्च फार छोटा वाटतो.

टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांना एचओए (घरमालकांची सोसायटी) ‘अँटेना लावता येणार नाही’ असं सांगते आणि लोक मुकाट्याने ऐकतात. एफसीसीचा ओटार्ड नावाचा नियम १९९६ पासून आहे. तुमच्या एकट्याच्या वापरातल्या जागेत, म्हणजे स्वतःच्या बाल्कनीत किंवा अंगणात, टीव्हीचा अँटेना लावण्याचा हक्क तो देतो, भाडेकरूंनासुद्धा. सामाईक छताला मात्र तो लागू नाही, आणि छतापासून १२ फुटांपेक्षा उंच खांबाला परवानगी मागितली जाऊ शकते.

सावधान: टॉवर जवळ असेल तर ॲम्प्लिफायर लावू नका. जास्त जोराच्या सिग्नलने ट्यूनर गुदमरतो आणि दिसणारी लक्षणं कमी सिग्नलसारखीच असतात.

## टप्पा ३ : कोणता बॉक्स

आता पाकीट काढा. निर्णय टप्पा १ च्या यादीवरून घ्यायचा आहे, खोक्यावरच्या अक्षरांवरून नाही.

सगळी हवी ती चॅनेल्स १.० वर मिळत असतील: एचडीहोमरनचा फ्लेक्स ड्युओ (दोन ट्यूनर) किंवा फ्लेक्स क्वात्रो (चार ट्यूनर) पुरतो. प्लेक्स, चॅनेल्स डीव्हीआर यांसारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर यांच्याबरोबर सरळ चालतात.

तुमच्याकडे उघडी ३.० चॅनेल्स असतील आणि ती हवी असतील: फ्लेक्स ४के. यात चार ट्यूनर असले तरी ३.० फक्त दोनच पकडतात. ‘४के’ हे नाव वाचून सगळं ४के दिसेल असं समजू नका. ३.० वर बरंचसं प्रक्षेपण पूर्वीच्याच एचडी दर्जाच्या आसपास असतं.

हवं ते चॅनेल फक्त ३.० वर मिळतंय आणि ते कुलूपबंद आहे: इथे नेटवर्क ट्यूनर कामाचा नाही. हा लेख लिहिताना फ्लेक्स ४केवर कुलूपबंद चॅनेल्स यादीत दिसतात, चालत नाहीत. अशा चॅनेलसाठी ३.० ट्यूनर असलेला टीव्ही, किंवा कुलूप उघडण्याची मंजुरी असलेला वेगळा बॉक्स लागतो. एडीटीएच आणि झॅपरबॉक्स ही त्यातली ओळखीची नावं. त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

इथे लोक हमखास एका गोष्टीत फसतात. मित्राच्या घरी सोनी किंवा सॅमसंगच्या टीव्हीवर ३.० चॅनेल छान चालताना बघतात आणि ‘आपल्याकडे कुलूप नाही’ असा निष्कर्ष काढून नेटवर्क ट्यूनर मागवतात. टीव्ही कुलूप आतल्या आत उघडतो आणि पडद्यावर त्याची काहीही खूण दिसत नाही. टीव्हीवर चालणं हा चॅनेल उघडं असल्याचा पुरावा नाही. खात्रीचा पुरावा: त्याच टॉवरच्या टप्प्यात राहणाऱ्या कुणाच्या तरी नेटवर्क ट्यूनरची यादी. शेजारीपाजारी कुणाकडे असेल तर पाच मिनिटं मागून घ्या. नसेल तर परत करण्याची मुदत असलेल्या दुकानातूनच घ्या आणि टप्पा ५ व ६ त्या मुदतीत पूर्ण करा.

टीव्हीच्या खरेदीतही डोळे उघडे ठेवा. एलजीने पेटंटच्या वादानंतर अमेरिकेतल्या २०२४ च्या टीव्हींमधून ३.० ट्यूनर काढून टाकला. त्यामुळे ‘मागच्या मॉडेलमध्ये होता’ हे कारण पुरेसं नाही. त्याच मॉडेलचं तपशीलपत्रक वाचा.

सावधान: ‘पुढच्या अपडेटमध्ये कुलूपबंद चॅनेल्सही चालतील’ या आश्वासनावर पैसे मोजू नका. आज जे चालतं तेवढ्यासाठीच बॉक्स घ्या. कुलूप तोडून देणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणून कुणी सुचवलं तर त्याच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात असं कुलूप फोडणंच मुळात बेकायदा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने ही जोखीम घ्यावी असा कोणताही सामना टीव्हीवर लागत नाही.

आणखी एक: जुना झालेला बॉक्स पुण्या-नाशिकच्या घरी नेऊन उपयोग नाही. तिथलं डीडी फ्री डिश उपग्रहावरून येतं, त्याचा ट्यूनरच वेगळा.

## टप्पा ४ : नेटवर्कवर बसवणं

एचडीहोमरनला वाय-फाय नसतं. राउटरपर्यंत किंवा स्विचपर्यंत इथरनेटची वायर हवीच. एचडी चॅनेलचा प्रवाह १० ते १५ एमबीपीएसच्या घरात जातो, १.० मध्ये एका टॉवरची कमाल मर्यादा सुमारे १९ एमबीपीएस. घरातल्या नेटवर्कला हे जड नाही. पण बघणारं उपकरण वाय-फायवर आणि दोन भिंतींपलीकडे असेल तर चित्र अडखळेल आणि दोष अँटेनाच्या माथी जाईल. पहिली चाचणी म्हणून वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरच बघा.

बसवण्याचा क्रम असा ठेवा:

१. आधी इथरनेट, मग अँटेनाची केबल, शेवटी वीज.

२. राउटरमध्ये ट्यूनरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. पत्ता बदलला की रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर ट्यूनर हरवल्याची तक्रार करतं, आणि ते नेमकं सामन्याच्या दिवशी कळतं.

३. ब्राउझरमध्ये माय डॉट एचडीहोमरन डॉट कॉम उघडा. बॉक्स तिथे दिसला पाहिजे.

४. नवं फर्मवेअर (बॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं असेल तर आत्ताच घाला. स्कॅन त्यानंतर.

बॉक्स दिसतच नसेल तर कारण जवळजवळ नेहमी तीनपैकी एक असतं. फोन किंवा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर आहे. इंटरनेट कंपनीचा राउटर आणि तुमचा मेश वाय-फाय असे दोन राउटर एकामागे एक लागले आहेत आणि ट्यूनर एकाच्या, फोन दुसऱ्याच्या जाळ्यात आहे. किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे. घरून काम करणाऱ्या आपल्या मंडळींत तिसरं कारण सगळ्यांत जास्त सापडतं.

तपासा: ट्यूनरचं स्वतःचं पान उघडतंय आणि त्यावर फर्मवेअरचा क्रमांक दिसतोय. हे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : स्कॅन आणि यादी वाचणं

स्रोत ‘अँटेना’ निवडून स्कॅन चालवा. काही मिनिटं लागतात. मध्येच बंद करू नका.

आता यादीकडे नीट बघा. एचडीहोमरन ३.० चॅनेलच्या क्रमांकात १०० मिळवून दाखवतो. समजा तुमच्याकडे ७.१ हे १.० वर आहे आणि त्याचंच ३.० रूप सापडलं, तर ते १०७.१ म्हणून येईल. दोन्ही ओळींचं नाव तेच, कार्यक्रम तोच, पण चालणं न चालणं वेगळं. अनेक जण मोठा आकडा म्हणजे नवं आणि चांगलं असं समजून १०७.१ लावतात, ते बंद निघतं, आणि ‘हे चॅनेल आपल्याकडे येत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. ७.१ तिथेच, त्याच यादीत, सुरळीत चालू असतं.

कुलपाची खात्री करायची असेल तर ट्यूनरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘लाइनअप डॉट जेसन’ ही फाइल ब्राउझरमध्ये उघडा. प्रत्येक चॅनेलची एक नोंद दिसेल: क्रमांक, नाव, चित्राचा प्रकार, आवाजाचा प्रकार. ज्या नोंदीत ‘डीआरएम’ हा शब्द आणि पुढे १ असेल ते चॅनेल कुलूपबंद. चित्रापुढे ‘एचईव्हीसी’ आणि आवाजापुढे ‘एसी४’ असेल पण डीआरएम नसेल, तर ते उघडं ३.० चॅनेल. ‘एमपीईजी२’ आणि ‘एसी३’ दिसलं की जुनं १.० चॅनेल, चिंता नको.

टप्पा १ चा कागद समोर ठेवा आणि प्रत्येक हव्या असलेल्या चॅनेलपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: जुनं, उघडं, बंद.

तपासा: एखादं चॅनेल कागदावर आहे आणि यादीत मुळीच नाही, तर तो सिग्नलचा प्रश्न. टप्पा २ कडे परत जा. यादीत आहे आणि ‘बंद’ आहे, तर अँटेनाला हात लावू नका.

## टप्पा ६ : चालवून बघणं, एका वेळी एकच गोष्ट

या टप्प्यात घाई करणारे सगळ्यांत जास्त दिवस वाया घालवतात. एकदम प्लेक्स, टीव्हीवरचं ॲप आणि फोन असं सगळं जोडलं की दोष कुठे आहे ते कळतच नाही.

१. वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर एचडीहोमरनचंच ॲप वापरा. दुसरं काही नको.

२. आधी एक ‘जुनं’ चॅनेल लावा. ते चालत नसेल तर ३.० कडे वळायचंच नाही.

३. चॅनेल चालू असताना ट्यूनरच्या पानावर त्या ट्यूनरची स्थिती उघडा. तिथे तीन आकडे दिसतात: सिग्नलचा जोर, सिग्नलचा दर्जा आणि सिंबॉल क्वालिटी. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तो १०० वर स्थिर असला की ट्यूनरला मिळणारा डेटा निर्दोष आहे. जोर ८० असला काय आणि ९० असला काय, फरक पडत नाही. जोर सतत १०० दाखवत असेल आणि दर्जा खाली असेल तर सिग्नल जास्त झाला आहे, ॲम्प्लिफायर काढा.

४. मग एक ‘उघडं’ चॅनेल लावा. आवाजासकट चाललं पाहिजे.

५. शेवटी, खात्रीसाठी, एक ‘बंद’ चॅनेल लावा आणि लगेच तेच तीन आकडे बघा.

या पाचव्या पायरीसाठीच हा सगळा उद्योग. समजा पानावर जोर ८२, दर्जा १००, सिंबॉल क्वालिटी १०० असं स्थिर दिसतंय आणि समोर पडदा काळा आहे किंवा ॲप चॅनेल संरक्षित असल्याचा संदेश देतंय. याचा अर्थ टॉवरपासून ट्यूनरपर्यंत एकही दोष नाही. चित्र तुमच्या घरात पोचलं आहे, फक्त बंद पाकिटात. छतावर चढून, महागडा अँटेना आणून, केबल बदलून या पडद्यावर काहीही उमटणार नाही. तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. दुकानात परत करताना उपयोगी पडतो.

लक्षणांवरून दोष ओळखायचा तर असा:

- चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, सिंबॉल क्वालिटी १०० च्या खाली हलते: सिग्नल.
- सिंबॉल क्वालिटी १००, तरी चित्र ठरावीक वेळाने थांबतं: घरातलं वाय-फाय.
- चित्र स्वच्छ, आवाज अजिबात नाही: एसी-४. तुमच्या ॲपला किंवा उपकरणाला हा आवाज उलगडता येत नाही. कुलपाशी संबंध नाही. दुसरं ॲप किंवा दुसरं उपकरण लावून बघा.
- आवाज आहे, चित्र नाही किंवा फार अडखळतं: उपकरण एचईव्हीसी पेलत नाही. जुन्या स्ट्रीमिंग स्टिक आणि जुने लॅपटॉप इथे हरतात.
- आकडे उत्तम, चित्रही नाही आणि आवाजही नाही, आणि नोंदीत डीआरएम १: कुलूप.

सावधान: एसी-४ चा मुका आवाज आणि कुलूप या दोन गोष्टी लोक सतत एकच समजतात. पहिलीवर उपाय तुमच्या हातात आहे. दुसरीवर नाही.

## टप्पा ७ : रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जोडणं

आता, आणि आताच, प्लेक्स किंवा जे काही वापरणार असाल ते जोडा. यादी आत आली की पहिलं काम: कागदावर ‘बंद’ लिहिलेली सगळी चॅनेल्स तिथून बंद करून टाका. तशीच ठेवलीत तर सॉफ्टवेअर एखाद्या कार्यक्रमासाठी ७.१ ऐवजी १०७.१ निवडू शकतं, आणि सकाळी रेकॉर्डिंगच्या जागी रिकामी फाइल मिळते. घरातल्या ज्येष्ठांसाठी तर हे आवर्जून करा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांच्या रिमोटवर फक्त चालणारीच चॅनेल्स दिसायला हवीत.

फ्लेक्स ४के असेल तर लक्षात ठेवा की ३.० पकडणारे ट्यूनर दोनच. दोन ३.० रेकॉर्डिंग चालू असताना तिसरं ३.० चॅनेल लागणार नाही. जे चॅनेल दोन्ही रूपांत चालतं त्याचं रेकॉर्डिंग १.० वरून लावलं तर हा प्रश्नच येत नाही. माझा सल्ला तोच. १.० ची फाइल कुठेही, कुठल्याही प्लेयरवर, वर्षांनीही उघडते.

जागेचा अंदाज: १२ एमबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण ५.४ जीबी खातो. तीन तासांच्या सामन्याला १६ जीबीच्या आसपास धरा.

तपासा: रात्री एक छोटं रेकॉर्डिंग लावा, सकाळी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी उघडून बघा. फक्त फाइल तयार झाली आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

## टप्पा ८ : बंद चॅनेलसाठी दुसरी वाट

यादीतलं एखादं चॅनेल फक्त कुलूपबंद रूपातच येत असेल तर पर्याय तीन.

पहिला, १.० चं रूप खरंच मिळत नाही का हे पुन्हा तपासणं. टॉवर वेगळा असेल, व्हीएचएफचा असेल, तर अँटेना थोडा वळवून किंवा व्हीएचएफ पकडणारा लावून ते मिळू शकतं. या लेखात अँटेनावर पैसे खर्च करा असं मी फक्त इथेच सांगतो आहे.

दुसरा, कुलूप उघडण्याची मंजुरी असलेला बॉक्स. तो घेताना चार प्रश्न विचारा. रेकॉर्डिंग होतं का? कुलूपबंद चॅनेलचंही होतं का? दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर बघता येतं का, आणि त्यासाठी त्यांचाच छोटा बॉक्स लागतो का? किल्ली मिळवायला इंटरनेट लागतं का? शेवटचा प्रश्न टेक्सास, फ्लोरिडाकडच्या लोकांनी तर टाळूच नये. वादळात इंटरनेट जातं आणि अँटेनावरच्या बातम्यांची गरज तेव्हाच असते. बॉक्स आणल्यावर राउटर बंद करा, बॉक्सची वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि कुलूपबंद चॅनेल लागतंय का ते बघा. न लागल्यास ते परत करण्याचं पुरेसं कारण आहे. नेटवर्क ट्यूनरचीही हीच परीक्षा घ्या: इंटरनेटची वायर काढा, राउटर चालू ठेवा. १.० चॅनेल चालू राहायला हवं. लॉगिन मागणारं ॲप मात्र अडू शकतं, म्हणून ट्यूनरचं स्वतःचं ॲप एखाद्या उपकरणावर ठेवाच.

मंजूर बॉक्स टीव्हीला जोडताना एचडीसीपी या दुसऱ्या संरक्षणाकडे लक्ष द्या. जुना प्रोजेक्टर, जुना साउंड रिसीव्हर किंवा स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर मध्ये असेल तर काळा पडदा पुन्हा भेटेल. बॉक्स थेट टीव्हीला जोडून बघा. चाललं तर दोष मधल्या उपकरणाचा.

तिसरा पर्याय, ते चॅनेल इंटरनेटवरून त्यांच्या ॲपवर बघणं. स्थानिक बातम्यांसाठी बहुतेक स्टेशनांची मोफत ॲप्स असतात. सामन्यांसाठी पैसे पडतील.

## टप्पा ९ : दर तीन महिन्यांनी

पुन्हा स्कॅन करा, लाइनअपची फाइल पुन्हा उघडा आणि जुन्या कागदाशी ताडून बघा. आज उघडं असलेलं ३.० चॅनेल उद्या बंद होऊ शकतं. स्टेशनला त्यासाठी तुम्हाला कळवावं लागत नाही. एक दिवस चालणारं चॅनेल अचानक काळं पडलं तर पहिल्यांदा डीआरएमची नोंद बघा, मग बाकी सगळं.

१.० किती दिवस राहील, यावर तुमची पुढची खरेदी ठरेल. ३.० वर गेलेल्या स्टेशनच्या १.० चॅनेलवरचा मुख्य कार्यक्रम जवळजवळ तोच असला पाहिजे, हा एफसीसीचा नियम १७ जुलै २०२७ पर्यंतचा. प्रसारकांच्या एनएबी या संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मागणी केली की सर्वांत मोठ्या ५५ टीव्ही मार्केटमध्ये १.० फेब्रुवारी २०२८ पर्यंत आणि उरलेल्या ठिकाणी फेब्रुवारी २०३० पर्यंत बंद व्हावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफसीसीने दोन्ही प्रक्षेपणं एकत्र चालवण्याची सक्ती काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. अशा प्रस्तावांवर कुणालाही एफसीसीच्या संकेतस्थळावर आपलं म्हणणं नोंदवता येतं, त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. तिथे लिहिताना तुमच्या घरातली वस्तुस्थिती लिहा: कोणतं चॅनेल, सिग्नलचे तीन आकडे, आणि पडद्यावर काय दिसतं. टप्पा ६ मधला स्क्रीनशॉट जोडा.